बार्बाडोसला प्रथमच जाणाऱ्यांसाठी बावीस सूचना

दादा, तुझी चौथी सूचना चुकीची आहे.

'पूर्व किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो. पोहू नये. फक्त बघायला जावे.' इथपर्यंत ठीक. पण पुढे तू लिहिलं आहेस, 'अर्धा दिवस पुरतो.' नाही पुरत. मी आणि वहिनी सकाळी नऊच्या बसने गेलो आणि परतीची शेवटची बस जेमतेम मिळाली. हे तुला सुनावायला मी बसमध्येच फोन काढला, तुझं नाव शोधलं, आणि मग लक्षात आलं. लोक भेटून सांगतात, दादा गेला हो, दादा गेला. गेलो आम्ही, बार्बाडोसला. तू मेलास. त्सुफेनहाउझेन स्टेशनच्या जिन्यावर, मंगळवारी सकाळी, एका हातात कॉफी घेऊन, विमान सुटायला एकोणीस दिवस उरलेले असताना. आता दोन महिने झाले. माझा राग उतरलेला नाही आणि तो उतरायच्या आत मला हे लिहून टाकायचंय. उतरल्यावर मी तुझ्याबद्दल सगळं चांगलंच लिहीन, आणि ते तुला इतक्या सहज मिळू नये असं मला वाटतं.

आधी त्या यादीबद्दल. स्टुटगार्टच्या मराठी मंडळींत तुझ्या याद्या प्रसिद्ध होत्या. नवीन आलेल्याने पत्ता नोंदवायला कुठले कागद न्यायचे, कचऱ्याच्या कुठल्या डब्यात काय टाकायचं, हिवाळ्याचे टायर कधी चढवायचे. दिवसभर इंजिनं तपासणारा माणूस तू, घरी आलास की दुसऱ्यांची आयुष्यं तपासायला घ्यायचास. पण निदान त्या गोष्टी तू स्वतः केलेल्या असायच्या. बार्बाडोसला तू गेलाच नव्हतास! जिथे पाऊल ठेवलं नाही त्या बेटाबद्दल दोन पानं, मराठीत, टाइप करून, प्लास्टिकच्या पाकिटात. आणि लोक ती घेऊन जायचेही. दोन कुटुंबं जाऊन आली, वर तुझे आभार मानून तुला रमची बाटली देऊन गेली. गणपतीच्या जेवणात मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "जो कधी गेला नाही, त्याने सल्ले का द्यावेत?"

तू वरणभात कालवत म्हणालास, "जाऊन आलेले लोक फोटो दाखवतात गं. सल्ला न गेलेल्यानेच द्यावा. त्याने सगळा विचार केलेला असतो."

सगळे हसले. तेवढ्यात मोदक आले आणि वाद तसाच राहिला. माझ्याकडे उत्तर होतं, दादा. आता कुणाला देऊ?

तू का गेला नाहीस, ते मला माहीत आहे. इथले लोक वर्षभर आधी बसून ठरवतात की यंदाच्या उर्लाउबमध्ये कुठे जायचं. आपली सुट्टी ठरलेलीच असते. पुणे. एका वर्षी बाबांचं आजारपण, एका वर्षी आईचा मोतीबिंदू, एका वर्षी चुलतभावाचं लग्न, आणि एका वर्षी काहीच नाही म्हणून आईला बरं वाटावं यासाठी. लहानपणी रेडिओवर क्रिकेटची मॅच ऐकताना बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनचं नाव तुझ्या कानात शिरलं ते निघालंच नाही. "पुढच्या वर्षी नक्की," असं तू तेवीस वर्षं म्हणालास आणि यंदा खरोखर तिकिटं काढलीस. तुझं, वहिनीचं, आणि मी झिंडेलफिंगेनला एकटी राहते म्हणून माझंही.

आता आपल्या घराण्याच्या रोगाबद्दल. हृदयाचा नाही म्हणत मी, तो आहेच. दुसरा. बाबांना पहिला झटका आला तेव्हा आईने आपल्याला अकरा दिवसांनी सांगितलं. "तुम्ही तिकडे एवढ्या लांब, उगाच जिवाला घोर कशाला?" आई न्हाणीघरात पडली, ते आपल्याला शेजारच्या काकूंकडून कळलं. माझा घटस्फोट मी आईला सहा महिन्यांनी सांगितला. 'काळजी नको म्हणून सांगितलं नाही' हे वाक्य आपल्या घरात मिठासारखं प्रत्येक गोष्टीत असतं. बाबांच्या वेळी तू आईवर किती ओरडला होतास, आठवतंय? मी शेजारीच उभी होते. "यापुढे काही लपवायचं नाही! अकरा दिवस? आम्ही काय परके आहोत?" मला त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला होता. म्हटलं, चला, कुणीतरी बोललं एकदाचं.

मग तो जानेवारीतला रविवार. मारियनप्लाट्झवरून वर डोंगराकडे जाणाऱ्या त्या लांबलचक पायऱ्या, ज्या तू दरवेळी मोजत चढायचास. तिसऱ्या टप्प्यावर तू कठडा धरून थांबलास.

"काय झालं?"

"काही नाही. चढताना छातीत जरा जड होतं. थांबलं की जातं."

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून असेल." मग जाकिटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढलास. आपल्या नेहमीच्या डॉक्टरने हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवण्यासाठी दिलेली उबरवाइझुंग. ज्या टर्मिनसाठी, म्हणजे डॉक्टरच्या वेळेसाठी, लोक इथे महिनोन्महिने ताटकळतात, तो तुला चिठ्ठीवरच्या 'तातडीचे'मुळे फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यातला मिळाला होता.

"मग जा की!"

"पुढे ढकलला. एप्रिलमध्ये घेतलाय. आल्झो, ऐक माझं. आत्ता गेलो तर तो म्हणणार, विमानात बसायचं नाही. संपलं. तुझी वहिनी पन्नाशीत पोहायच्या क्लासला जाते, मीनल. चोवीस वर्षांत तिने स्वतःसाठी केलेली ही पहिली गोष्ट आहे. तिला सांगू नकोस. आल्यावर मीच सांगतो."

आणि मी "बरं" म्हणाले. दुसरं काही म्हणाले नाही. हेही इथे लिहून ठेवते, की मलाही जायचं होतं. मी नवी टोपी घेतली होती.

तुझ्या अंत्यसंस्काराच्या दिवशी वहिनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "काही कळलंच नाही हो. काही म्हणजे काही कळलं नाही." मी त्यांच्या शेजारी उभी होते. एकदाही तोंड उघडलं नाही. मला वाटलं, उघडलं तर या बाईला मी कायमची गमावेन, आणि तू गेल्यावर या देशात मला दुसरं होतं कोण? तुझ्यावरचा माझा राग त्याच दिवसापासूनचा आहे. तू मला तुझ्या चोरीत सामील केलंस आणि पकडलं जायच्या आत स्वतः सटकलास.

जायचं की नाही, हा प्रश्न आम्हा दोघींत निघालाच नाही. मंडळातल्या एका बाईंनी वहिनींना फोनवर सुचवलं, की निदान वर्षश्राद्ध होईपर्यंत तरी समुद्रकिनारे वगैरे नको, लोक काय म्हणतील. वहिनी म्हणाल्या, "तिकिटं ह्यांनी काढलीत. त्यांनाच विचारा." आणि फोन ठेवला. आखेनहून आलेली तुझी लेक ईरा, जिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर मात्र जर्मनमधून येतं, कोपऱ्यातून म्हणाली, "फ्लीग्ट डोख. पापा वेअर झॉन्स्ट साउअर." जा ना, नाहीतर पापा रागावेल. जसं काही रागावायचा हक्क अजून तुझ्याकडेच होता.

तुझी सीट रद्द करायला आम्ही दोघीही विसरलो. तू मधली घेतली होतीस, दोघींशी बोलता येईल म्हणून. फ्रँकफर्टपासून दहा तास ती रिकामी सीट आणि तिच्यावर तुझ्या यादीची फाईल. हवाईसुंदरीने तिथेही एक घडी घातलेलं पांघरूण ठेवलं. वहिनी खिडकीबाहेर ढग बघत होत्या, मी समोरच्या पडद्यावरचा नकाशा. आम्ही एकमेकींशी बोललो ते फक्त पाण्याची बाटली पुढे-मागे करताना.

आता तुझ्या सूचनांचा निकाल.

पहिली, 'कुणालाही काही विचारण्यापूर्वी गुड मॉर्निंग म्हणावे, नाहीतर उद्धट समजतात.' शंभर टक्के बरोबर. जर्मनीत दुकानात शिरताना खाली मान घालणाऱ्या वहिनी तिथे बसमध्ये चढल्या की अख्ख्या बसला गुड मॉर्निंग म्हणायच्या आणि अख्खी बस उत्तर द्यायची. दुसऱ्या दिवसापासून त्यांची मान जरा वर राहायला लागली. हे श्रेय तुझं आहे, घे.

सातवी, 'लष्करी छापाचे कपडे नेऊ नयेत, कायद्याने बंदी आहे.' बरोबर. ईराने दिलेली लष्करी छापाची टोपी मी घरीच ठेवली.

अकरावी, 'तिथली वीज ११५ व्होल्ट. जर्मनीतली किटली नेऊ नये, पाव ताकदीने चालते.' वहिनींनी नेली. चहाचं पाणी कोमट व्हायला अर्धा तास, आणि तो अर्धा तास आम्ही दोघी किटलीसमोर गप्प बसायचो. तू असतास तर व्होल्टचा वर्ग कसा होतो ते समजावलं असतंस आणि मी तुला गप्प बस म्हणाले असते.

चौदावी, 'रोटी दिसली तर घ्यावी. आत बटाटा आणि छोले असतात. मांस नाही ना, हे आधी विचारावे.' बरोबर. वहिनी त्याच्यावरच जगल्या.

नववी, 'खोडावर लाल पट्टा असलेल्या झाडाखाली पावसात उभे राहू नये. फळ छोट्या सफरचंदासारखे दिसते. हात लावू नये. विषारी.' हेही खरं निघालं. किनाऱ्यावर ओळीने उभी होती ती झाडं. मी एका झाडासमोर बराच वेळ उभी राहिले आणि माझा संताप संताप झाला. त्या लोकांनी झाडाला पट्टा ओढलाय, दादा. कुणाला धोका नको म्हणून. आणि तू 'तातडीचे' लिहिलेला तो कागद माझ्याकडून परत घेऊन घडी घालून खिशात ठेवलास.

आणि बाविसावी, सर्वांत शेवटची, ठळक अक्षरांत. 'प्रवासापूर्वी तब्येतीची कुठलीही तक्रार डॉक्टरांपासून आणि बरोबरच्यांपासून लपवू नये.' हे तू टाइप केलंस! स्वतःच्या बोटांनी! ते पान मी विमानात वाचलं आणि उरलेले आठ तास वहिनींकडे बघू शकले नाही.

पहिले चार दिवस वहिनी पाण्यात उतरल्या नाहीत. पोहायचा पोशाख रोज पिशवीत घालून न्यायच्या आणि कोरडाच परत आणायच्या. किनाऱ्यावर पंजाबी ड्रेसमध्ये बसून राहायच्या. मी लांब, दुसऱ्या छत्रीखाली. आम्ही उतरलो होतो तिथल्या घरमालकीण बाई, सत्तरीच्या, दणदणीत, रोज सकाळी अंगण झाडायच्या. चौथ्या दिवशी झाडू टेकवून त्यांनी इंग्रजीत सरळ विचारलं, तुम्ही दोघी कुणावर एवढ्या चिडलात?

"माय हजबंड," वहिनी म्हणाल्या.

"कुठे आहे तो?"

"ही डाइड."

बाईंनी झाडू उचलला. मग म्हणाल्या, "अरेरे. मग भांडायची पंचाईतच की." आणि पुन्हा झाडायला लागल्या. मला पहिल्यांदाच कळलं, की वहिनीही चिडल्या आहेत. मला वाटत होतं, त्या फक्त दुःखात आहेत.

पाचव्या दिवशी पूर्व किनारा. तिथे समुद्रात घराएवढे खडक उभे आहेत आणि लाटा त्यांच्यावर फुटत राहतात. वाऱ्याने बोलणं ऐकू येत नाही. आम्ही बाकावर बसून रोटी खाल्ली. मी ठरवलं होतं की आज सांगायचं, मग वहिनी पुढच्या विमानाने एकट्या परत गेल्या तरी चालेल. माझी अर्धी रोटी हातातच होती.

"वहिनी, मला माहीत होतं."

"काय?"

"दादाच्या छातीत दुखत होतं ते. टर्मिन त्याने पुढे ढकलला तेही. मला म्हणाला, तुम्हाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं."

त्यांनी रोटीच्या कागदाची घडी घातली. मग आणखी एक घडी. मला वाटलं, आता उठतील.

"कधी म्हणाले तुला?"

"संक्रांतीच्या आधीच्या रविवारी. पायऱ्यांवर."

"मला शनिवारी," वहिनी म्हणाल्या. "आदल्या दिवशी. पोळ्या लाटत होते मी. म्हणाले, मीनलला सांगू नकोस. ती किती वर्षांत कुठे गेली नाही, आणि घाबरट आहे, तिला कळलं तर स्वतःचं तिकीट फाडून मला ओढत दवाखान्यात नेईल."

"नेलं असतं ना मी!"

"मग मी काय ह्यांना सोडलं असतं?" त्या एकदम ओरडल्या. "मला वाटलं, तुझा आनंद जाईल. मी तीन आठवडे तुझ्याकडे बघत नाहीये मीनल, तुला कळलं तर मला काय म्हणशील म्हणून!"

दादा, तुझी कमाल आहे. माझ्या तोंडाला वहिनींच्या आनंदाचं कुलूप, त्यांच्या तोंडाला माझ्या आनंदाचं, आणि दोन्ही किल्ल्या तुझ्या खिशात. त्सुफेनहाउझेन ते झिंडेलफिंगेन एस-बान लोकलने तासभरसुद्धा लागत नाही. एक फोन पुरला असता. आम्ही दोघींनी दोन दंडांना धरून तुला त्या फेब्रुवारीतल्या टर्मिनला नेलं असतं, आणि तू आयुष्यभर आम्हाला ऐकवत राहिला असतास, की तुमच्यामुळे माझं बार्बाडोस हुकलं. ऐकलं असतं आम्ही. रोज ऐकलं असतं.

मग वहिनींनी तुला शिव्या घालायला सुरुवात केली. माझ्या चोवीस वर्षांच्या ओळखीत मी त्यांच्या तोंडून 'गाढव'च्या पुढचा शब्द ऐकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी त्यांच्या माहेरचे, सांगलीकडचे सगळे शब्द बाहेर काढले. मध्येच एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, टोपी उचलून म्हणाले, "गुड आफ्टरनून, लेडीज." वहिनी थांबल्या. डोळे पुसले. "गुड आफ्टरनून," म्हणाल्या. ते पुढे गेल्यावर जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू. मी हसत होते आणि रडत होते आणि मला माझा आवाज ऐकू येत नव्हता. म्हणून सांगते, अर्धा दिवस पुरत नाही. बघायला अर्धा लागतो, तुला शिव्या द्यायला उरलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पश्चिमेच्या शांत पाण्यात उतरल्या. क्लासमध्ये शिकवलेलं तसंच, मान ताठ, हात मोजून. पन्नास हात गेल्या, वळल्या, परत आल्या. मी गुडघाभर पाण्यात उभी होते. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पाणी गरम आहे, हे लिहिलं नव्हतं ह्यांनी." तेवढंच. मी त्यांना टॉवेल दिला. तू त्यांना हे द्यायला निघाला होतास, ते दिलंस, आणि त्यासाठी मी तुझी ऋणी आहे. पण तू ते बघायला नव्हतास, त्याला माफी नाही.

गेल्या आठवड्यात तुझ्या फोनवर आठवणीचा संदेश आला. एप्रिलचा तुझा टर्मिन, तोच, ढकललेला. त्याच्या आदल्या दिवशी माझ्या डॉक्टरने बाबांचं आणि तुझं ऐकून मलाही तसलीच चिठ्ठी दिली होती. दवाखान्याच्या पायरीवरूनच मी वहिनींना फोन केला. घरी जायची वाट बघितली नाही. वहिनींनी हृदयाच्या डॉक्टरकडे स्वतः फोन लावला. ज्या बाई बेकरीत ब्रेड मागायला तुला पुढे करायच्या, त्या म्हणाल्या, "माइन मान इस्ट टोट. टर्मिन फ्राय. श्वेस्टर कोम्ट." माझा नवरा वारला, टर्मिन रिकामा आहे, बहीण येतेय. पलीकडची बाई म्हणाली, असं करता येत नाही. वहिनींनी तीच तीन वाक्यं पुन्हा म्हटली, जरा मोठ्याने. चौथ्यांदा ती बाई "या, गेनाऊ", हो, बरोबर, असं म्हणाली आणि माझं नाव लिहून घेतलं.

येत्या गुरुवारी, सकाळी सव्वाआठला, मी तुझ्या जागी जाऊन बसणार आहे. वहिनी बरोबर येताहेत. आईलाही सांगितलं. आई म्हणाली, "कशाला सांगितलंस? आता माझा डोळा लागायचा नाही." मग म्हणाली, "बरं केलंस." आणि मग, अगदी सहज, की तिची साखर दिवाळीपासून वाढलेली आहे.

मंडळातलं एक जोडपं डिसेंबरमध्ये बार्बाडोसला निघालंय. त्यांनी वहिनींकडे तुझी यादी मागितली. वहिनींनी ती मला दिली आणि म्हणाल्या, "आता आपण जाऊन आलोय. दुरुस्त कर." चौथ्या सूचनेत मी अर्ध्याचा पूर्ण दिवस केला. पाणी गरम असतं, हे घातलं. बाविसावी तशीच ठेवली, तुझ्या ठळक अक्षरांत. तिच्याखाली वहिनींनी सांगितलं आणि मी टाइप केलं, तुझ्याच भाषेत:

२३. बरोबरच्या कुणाच्या छातीत जड होत असेल आणि तो म्हणाला, घरी सांगू नकोस, तर त्याच पायरीवर उभे राहून घरी फोन लावावा. तो रागावेल. रागावू द्यावे.